खुणा शिकवल्या, तर बाळ उशिरा बोलेल का?

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. माझ्या मैत्रिणीने मोबाइलवर पाहून आपल्या बाळाला ‘दूध’, ‘अजून’ अशा हाताच्या खुणा शिकवल्या. मलाही तसे करावेसे वाटते. परंतु सासूबाई म्हणतात, की हाताने काम भागते म्हटल्यावर ती तोंड कशाला उघडेल? दुसरीकडे, खुणांमुळे मूल लवकर बोलते आणि हुशार होते, अशा जाहिरातीही दिसतात. खरे काय मानावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, पण तिला आधार नाही. बाळाचा हातांवर ताबा जिभेच्या आधी बसतो. ‘दूध’ म्हणण्यासाठी लागणारा ओठ, जीभ आणि श्वास यांचा मेळ साधण्याच्या कितीतरी आधी त्याला मुठीची उघडझाप करता येते. शब्द तोंडात रुळला, की खूण हळूहळू मागे पडते, कारण आई ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना खुणेचा उपयोग होत नाही, हाकेचा होतो. शिवाय सासूबाईंनीच नातीला देवघरापुढे ‘जय बाप्पा कर’ म्हणून हात जोडायला आणि दारातून ‘टाटा’ करायला शिकवले असेल. त्याही खुणाच आहेत.

जाहिरातींबाबत मात्र हात राखून बोलावे लागेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांनी १९८०च्या दशकात असे टिपले, की ऐकू येणारी मुलेही आपल्या मनाने खुणा तयार करतात. एक मुलगी फूल दिसले, की नाकाने हुंगल्यासारखे करत असे. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खुणा शिकलेली मुले भाषेच्या काही चाचण्यांत थोडी पुढे आढळली. परंतु इंग्लंडमध्ये ४० बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषावाढीत असा फरक दिसला नाही. बदल दिसला तो आयांमध्ये : खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. माझ्या मते हाच लाभ पुरेसा आहे, आणि त्यासाठी महागडे वर्ग किंवा चित्रपत्त्यांचे संच विकत घेण्याची गरज नाही.

सुरुवात ‘दूध’, ‘अजून’ आणि ‘संपलं’ या तीनच खुणांनी करावी. मऊ भाताची वाटी रिकामी झाली, की ती मुलीला दाखवावी, तिच्या डोळ्यांकडे पाहत ‘संपलं’ असे स्पष्ट म्हणावे आणि त्याच क्षणी दोन्ही तळवे पालथे-उताणे करावेत. शब्द प्रत्येक वेळी उच्चारायचाच. मुकी खूण करू नये. काही आठवडे काहीच घडणार नाही, आणि मग एखाद्या दिवशी ती वाटी बाजूला सारून एकच हात वेडावाकडा फिरवील. तेच तिचे ‘संपलं’ समजावे, हात धरून सुधारत बसू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खूण केल्याशिवाय दूध देणार नाही, असा हट्ट कधीही करू नये. भुकेल्या बाळाची परीक्षा घेणे हे शिकवणे नव्हे. सासूबाईही त्याच तीन खुणा वापरतील, तर मुलीचा गोंधळ होणार नाही.

आणखी एक गोष्ट. या मोजक्या खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, आणि नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा दहा हजार शब्दांचा चित्रफीतकोश तयार केला आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाला तीन खुणा नव्हे, तर पूर्ण भाषा लागते, आणि तीही लवकर. म्हणून मुलीची जन्मानंतरची श्रवणचाचणी झाली नसेल, किंवा ती अद्याप ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडत नसेल, तर खुणांनी काम भागते आहे असे समजून थांबू नये. ताट वाजवल्यावर ती दचकते, एवढ्यावरूनही निर्धास्त राहू नये, कारण मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळाला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतीलच असे नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारून श्रवणतपासणी आधी करून घ्यावी. खुणा त्याच आठवड्यात सुरू केल्या, तरी हरकत नाही.