बघू दे तिला ‘द डम्पिंग ग्राउंड’

इंग्लंडातल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय. चांगलं लांबलचक, चार प्रश्नांचं. वयाने ती माझ्या लेकीएवढी, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तू लिहितेस, ‘ताई, मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेतून आली की सीबीबीसी या मुलांच्या चॅनेलवर “द डम्पिंग ग्राउंड” ही मालिका लावून बसते. अनाथाश्रमातली भांडखोर मुलं, सारखा आरडाओरडा, दारं आपटणं. सासूबाई म्हणतात, असलं बघून पोर हाताबाहेर जाईल. हल्ली उलट बोलायला लागलीय. परवा पलंगाखाली तिची छोटी बॅग सापडली. आत पायजमा, टूथब्रश आणि तिचा ससा. विचारलं तर म्हणाली, मला न्यायला आले तर ऐन वेळी घाई नको. मालिका बंद करू का?’

आणि पुढच्याच ओळीत, जाता जाता, ‘आम्ही गमतीत म्हणतो कधीकधी, की ऐकलं नाहीस तर सोशल सर्व्हिसेसना फोन करीन.’ सोशल सर्व्हिसेस म्हणजे इथल्या कौन्सिलचं, आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं, मुलांची काळजी घेणारं आणि वेळ पडली तर त्यांना घरातून नेणारं खातं.

अगं बाई, मग ती बॅग कुणी भरायला लावली?

जुने वाचक म्हणतील, आली ही आपल्या मूळपदावर. येणारच. ‘सोडून देईन’, ‘बोर्डिंगला टाकीन’, ‘पोलीस नेतील’ ही वाक्यं ज्या घरात आहेत तिथलं पत्र आलं की मला दुसरं काही दिसत नाही. आपण सगळे त्याच वाक्यांवर वाढलो, ठाऊक आहे. परळला आमच्या चाळीत ‘डोंगरीला पाठवीन’ म्हटलं की पोरं चिडीचूप. डोंगरीचं रिमांड होम कुणाच्या आईने पाहिलेलं नव्हतं, पण नाव पुरेसं होतं. माझा धाकटा भाऊ त्या धास्तीने घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन हिंडायचा. आज नाशकात नातवंडं खेळवतो, तरी आईचा विषय निघाला की ती चिठ्ठी निघतेच.

पण त्याला निदान शेजारच्या काकू होत्या. आई रागात बोलतेय, कुठे पाठवत नाही तुला, असं म्हणून हातावर लाडू ठेवणाऱ्या. तुझ्या लेकीला रेडिंगच्या सेमी-डिटॅच्ड घरात हे सांगायला कोण आहे? सासूबाई मालिकेवर रागावल्यात, नवरा ऑफिसातून आठला येतो. शिवाय इथे सोशल वर्कर म्हणजे बागुलबुवा नव्हे, खरा माणूस आहे. शाळेत एखादं मूल फॉस्टर घरात, म्हणजे कौन्सिलने सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात, राहत असतं, त्याला भेटायला तो येतो. पोरीने धमकी खरी मानली, यात तिचं काय चुकलं?

आता मालिकेबद्दल. माझी मुलगी लेस्टरमध्ये याच गोष्टीवर वाढली, तेव्हा मालिकेचं नाव ‘द स्टोरी ऑफ ट्रेसी बीकर’ होतं. २००२ साली सुरू झाली, जॅकलीन विल्सन यांच्या १९९१च्या पुस्तकावरून. मी पोळ्या लाटता लाटता अर्धेअधिक भाग पाहिलेत, म्हणून अधिकाराने बोलते. ट्रेसी भांडकुदळ, थापाडी, अगदी नकोशी कार्टी. पण ती त्या बालगृहात का आहे? आई सोडून गेली म्हणून. आई हॉलिवूडची नटी आहे, एक दिवस मोटारीतून न्यायला येईल, अशा बाता मारत ती दिवस काढते. २०१३पासून जी ‘द डम्पिंग ग्राउंड’ चाललीय तिच्यातही तेच. रिकचे आईवडील फसवणुकीपायी तुरुंगात. टी आणि जॉनी ही भावंडं घरातल्या मारहाणीमुळे आलेली. दूध प्यायलं नाही, गृहपाठ केला नाही म्हणून त्या घरात आलेलं एक मूल दाखव मला! प्रत्येकाच्या मागे कुणीतरी मोठं माणूस कमी पडलंय. तुझी लेक हे बघते आणि मग तुझं वाक्य ऐकते. बिचारी हिशोब लावत असेल, की आपल्या घरात नेमकं काय बिनसलंय.

कायद्याचंही ऐकून ठेव. तू उद्या खरंच कौन्सिलला फोन करून ‘मुलगी ऐकत नाही’ म्हणालीस, तर तिला न्यायला गाडी येणार नाही. तुला काय मदत हवी, हे विचारतील. आईबापांच्या मर्जीविरुद्ध मूल ताब्यात घ्यायचं तर १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे कोर्टाला गंभीर इजेचा धोका पटावा लागतो. तातडीच्या प्रसंगी पोलीस ठेवू शकतात तेही जास्तीत जास्त ७२ तास. आणि कौन्सिलच्या देखरेखीखालची बहुतेक मुलं असल्या बालगृहात नव्हे, फॉस्टर कुटुंबांत राहतात. नॉर्वेत स्टाव्हँगरला २०११मध्ये एका भारतीय कुटुंबाची मुलं तिथल्या सरकारी खात्याने नेली, तेव्हापासून आपल्या लोकांच्या पोटात गोळा आहे, हे मला समजतं. मग जी भीती आपल्याला झोपू देत नाही, तीच मुलांच्या अंगावर कशी सोडता?

तेव्हा आज संध्याकाळी तिच्या शेजारी बस. मालिका पूर्ण बघ, मध्ये मोबाइल नको. संपली की सरळ सांग, ‘मी ते फोनचं बोलत होते ते खोटं होतं, तुला कुणी नेणार नाही, तू कितीही भांडलीस तरी.’ नवऱ्यालाही तेच म्हणायला लाव. बॅग मात्र तू उपसू नकोस. तिला वाटेल तेव्हा ससा आपोआप उशीवर येईल. उलट बोलण्याचं नंतर बघू. नऊ वर्षांच्या मुली बोलतात.

बाकीचे प्रश्न. सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा आहे, भांडू नकोस, त्यांनाही सोफ्यावर बसव आणि नातीला गोष्ट मराठीत सांगायला लाव.

मैत्रिणीचा मुलगा एक टर्म तुमच्याकडे राहणार आहे म्हणतेस. सोळाच्या आतलं मूल, जवळचं नातं नाही आणि मुक्काम २८ दिवस किंवा जास्त, म्हणजे कौन्सिलला आधी कळवावं लागतं. ते तुला भेटायला येतील. चहा दे, घाबरू नकोस.

आणि शनिवारी मराठी शाळा की पोहणं? पोहायला पाठव.