दचकणं, सुन्नपणा आणि नैराश्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नैराश्याचं निदान झालं आहे. नैराश्यात माणूस हळवा होतो असं ऐकलं होतं, पण याचं उलटंच आहे. पाठीमागे दार आपटलं तरी तो फारसा दचकत नाही आणि आनंदाची बातमी दिली तरी चेहरा कोराच. असं का?

आधी दोन साध्या गोष्टी पाहून घ्या. त्याला नीट ऐकू येतं ना, आणि झोपेची किंवा चिंता कमी करणारी गोळी चालू आहे का? बेन्झोडायझेपिन गटातली औषधं दचकणं कमी करू शकतात. यातलं काही नसेल, तर तुम्ही वर्णन करता तसा सुन्नपणा नैराश्यात बऱ्याचदा दिसतो.

दचकण्याची मूळ वाट फार आखूड आहे. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठात पोचतो, तिथल्या पॉन्स नावाच्या भागातल्या मोठ्या चेतापेशी तो उचलतात आणि चेहरा, मान, खांदे यांच्या स्नायूंकडे पाठवतात. विचार करणाऱ्या मेंदूला यात कोणी विचारत नाही. म्हणूनच मोठा आवाज झाला की साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापणीचा स्नायू आकसू लागतो. आवाज कसला होता ते नंतर कळतं. पण किती जोरात दचकायचं, ते कमी-जास्त करणारं बटण वर अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीती-भावना हाताळणाऱ्या छोट्या भागात आहे. मेंदू-संशोधक मायकेल डेव्हिस यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत अमिग्डालाचं मध्यवर्ती केंद्रक (तिच्यातला पेशींचा एक पुंजका) निकामी केल्यावर भीतीमुळे वाढणारं दचकणं गेलं, साधं दचकणं मात्र शाबूत राहिलं.

माणसांत मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी हेच चित्रं दाखवून तपासलं. भीतिदायक चित्र समोर असताना आवाज आला तर पापणी जोरात मिटते, सुखद चित्र असेल तर हलकेच. नैराश्यात अनेकांच्या बाबतीत हा फरक पुसट होतो. वाईटाला कमी प्रतिसाद आणि चांगल्यालाही कमी, म्हणजे परिस्थिती बदलली तरी शरीर एकाच सुरात राहतं. त्यामुळे ‘नैराश्य म्हणजे अतिसंवेदनशीलता’ हे समीकरण मला अपुरं वाटतं. अर्थात सगळ्यांचं असं नसतं. एखाद्याच गोष्टीची तीव्र भीती असलेली माणसं त्या गोष्टीच्या नुसत्या कल्पनेनंही जास्त दचकतात. चिंता खूप पसरलेली, जुनी असेल आणि जोडीला नैराश्य असेल, तर माणूस तोंडाने तीव्र त्रास सांगतो, पण त्याची प्रतिक्षिप्त क्रिया थंड पडलेली असते. भाऊ ‘आतून फार होतंय’ म्हणत असेल तर चेहरा पाहून ते खोटं ठरवू नका.

प्रश्न : मग ही तपासणी करून नैराश्याचं निदान करता येईल का?

नाही. समूहांची सरासरी काढली की फरक दिसतो, एकट्या माणसाच्या आलेखावरून काही ठरवता येत नाही. शिवाय निष्कर्षही एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत नैराश्य असलेल्यांचा प्रतिसाद अगदी नेहमीसारखा निघाला आहे.

तपासणी समजून घेतली की ती किती नाजूक आहे ते कळतं. खालच्या पापणीखाली, डोळ्याभोवतीच्या स्नायूवर दोन छोटे इलेक्ट्रोड लावतात. चित्र साधारण 6 सेकंद पडद्यावर राहतं. त्यादरम्यान हेडफोनमधून 50 मिलिसेकंदांचा, 95 ते 105 डेसिबलचा खरखरीत आवाज अवचित येतो आणि स्नायूतली विद्युत हालचाल मोजली जाते. चुका इथेच होतात. पहिले काही आवाज माणसाला फारच दचकवतात, मग सवय होते. म्हणून सुरुवातीच्या नोंदी वगळाव्या लागतात. चित्र उमटल्या उमटल्या आवाज दिला, तर लक्ष चित्राकडे वळलेलं असल्याने दचकणं दबतं आणि भावनेचा परिणाम दिसतच नाही. काही माणसांची पापणी मोजण्याइतकी हलतच नाही. धूम्रपान आणि चालू औषधं यांनीही आकडे बदलतात.

प्रश्न : मनात वाईट विचार आला की मी तो दाबून चांगला विचार करायचा प्रयत्न करते. उलट जास्तच दमते. माझं काय चुकतं?

तुमचे कष्ट कमी पडत नाहीत, ते चुकीच्या जागी खर्च होत आहेत. 2007 च्या एका मेंदू-स्कॅन अभ्यासात लोकांना अप्रिय चित्रं पाहताना भावना सौम्य करायला सांगितलं होतं. निरोगी लोकांत कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग जितका कामाला लागला, तितकी अमिग्डाला शांत झाली. नैराश्य असलेल्यांत प्रीफ्रंटल भाग कामाला लागला, पण त्याच्याबरोबर अमिग्डालाची सक्रियताही वाढली. आणखी एक अडचण म्हणजे प्रतिसाद लवकर विझत नाही. 2002 च्या एका अभ्यासात नकारात्मक शब्द वाचल्यावर निरोगी लोकांची अमिग्डाला 10 सेकंदांच्या आत ओसरली. नैराश्य असलेल्यांची मात्र 25 सेकंदांनंतर, पुढचं वेगळं काम सुरू असतानाही चालूच होती.

म्हणून क्रम बदला. त्रासाला 0 ते 10 मध्ये गुण द्या. 7 च्या वर असेल तर विचारांशी वाद घालू नका. आधी लक्ष दुसरीकडे न्या. हाताला काम द्या, मोठ्याने वाचा, चाला. किंवा पाच मिनिटं संथ श्वास : 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर. मुद्दाम खोल ओढू नका. जास्त हवा घेतली की चक्कर येते आणि माणूस आणखी घाबरतो.

गुण उतरल्यावर कागद घ्या. समजा मैत्रिणीने फोन उचलला नाही. पहिल्या ओळीत फक्त तेवढंच लिहा : ‘संध्याकाळी दोनदा फोन केला, उचलला नाही.’ दुसऱ्या ओळीत तुमचा अर्थ : ‘तिला मी नकोशी झाले आहे.’ खाली आणखी दोन कारणं, ज्यांवर तुमचा खरंच विश्वास बसू शकेल अशी. ‘ती माझ्यासाठी भेटवस्तू घ्यायला गेली असेल’ असलं गोडगोड लिहिलंत तर मन ते लगेच फेटाळतं. शेवटी पुढची एक कृती लिहा आणि 15 मिनिटांत कागद मिटा. हेच डोक्यातल्या डोक्यात करत बसलात तर तो काथ्याकूट होतो.

चेहऱ्यावर न दाखवता भावना गिळणं हा यावरचा इलाज नाही. त्याने बाहेरचं रूप बदलतं. आतला त्रास फारसा कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो.

प्रश्न : झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी सगळं टोचतं. याचा संबंध आहे?

आहे. 2007 च्या एका प्रयोगात एक रात्र जागवलेल्या निरोगी तरुणांची अमिग्डाला अप्रिय चित्रांना झोपलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त प्रतिसाद देत होती आणि प्रीफ्रंटल भागाशी तिचा दुवा सैल झाला होता. झोपायची नाही तरी निदान उठायची वेळ रोज तीच ठेवा.

प्रश्न : गोळी सुरू करून दहा दिवस झाले, काहीच फरक नाही. बंद करू का?

स्वतःहून नको. एसएसआरआय गटातली (नैराश्यावर नेहमी दिली जाणारी) औषधं भीतीच्या चेहऱ्यांना अमिग्डाला कसा प्रतिसाद देते ते लवकर बदलतात, पण मनःस्थितीत फरक जाणवायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. बदललेल्या प्रतिसादातून रोजचे अनुभव गोळा व्हावे लागतात, हे त्यामागचं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. अचानक थांबवलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. चौथ्या आठवड्यातही काडीचा फरक नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः वय 25 च्या आत असेल तर, अस्वस्थता एकदम वाढणं किंवा जीव द्यावासा वाटणं याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि तोवर माणसाला एकटं सोडू नका.