घरी बनवलेल्या चेंडूफेक यंत्राचा नेम कसा सुधारायचा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: नाशिकमधल्या नववीच्या चौघांनी मिळून सायकलच्या ट्यूबवर चालणारं लाकडी यंत्र केलंय. स्पर्धेत टेनिसचा चेंडू ५ मीटरवरच्या बादलीत टाकायचा आहे, पण तो कधी अर्धा मीटर अलीकडे पडतो, कधी पलीकडे. आणि तुम्ही विचारताय, रबर आणखी जाड लावू का?

नका लावू. चेंडू ५ मीटर जातोच आहे, म्हणजे जोर पुरेसा आहे. कमी आहे तो सारखेपणा. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, २२ वर्षं काढली. तिथे जॉब (यंत्रावर घडवलेला भाग) दर वेळी तेवढाच मोठा येत असेल तर कुणी घाबरत नाही, सेटिंग बदललं की काम होतं. एक मोठा, एक लहान यायला लागला की मग ढिलाई शोधावी लागते.

म्हणून आधी बादली बाजूला ठेवा. जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरा आणि कशालाही हात न लावता सलग १० फेकी करा. प्रत्येक खुणेचं अंतर वहीत लिहा. खुणा एकाच ठिकाणी गोळा झाल्या, पण बादलीपासून दूर, तर यंत्र चांगलं आहे. विखुरल्या तर पुढचं वाचा.

पुढे-मागे होणारी चूक बहुतेक वेळा ताणातून येते. रबर किती ओढलं त्यावर वेग ठरतो आणि अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. समजा तुम्ही रबर २० सेंटिमीटर ओढता. त्यात फक्त २ मिलिमीटर फरक पडला, तर ढोबळमानाने चेंडू १० सेंटिमीटर इकडेतिकडे जातो. हाताने अंदाजाने ओढलं तर २ काय, ५ मिलिमीटरही सहज चुकतात. चौकटीच्या पट्टीत ५-५ मिलिमीटरवर भोकं पाडा आणि दांडा (चेंडू फेकणारा हात) खिळीने अडकवा, म्हणजे ओढ ठरलेली राहील.

खटका, म्हणजे ताणलेला दांडा सोडणारा भाग, हा तर सगळ्यात दुर्लक्षित. माझ्या मुलीच्या यंत्रावर आम्ही आठ दिवस बिजागरी घासत बसलो होतो, आणि दोष निघाला तिच्या बोटांत. दांडा बोटांनी सोडताना प्रत्येक वेळी थोडा वेगळा झटका बसायचा. मग आम्ही गुळगुळीत लोखंडी पिन लावली आणि ती दोरीने बाजूला ओढायची व्यवस्था केली. त्याच संध्याकाळी खुणा एका ताटात मावतील इतक्या जवळ आल्या. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

डावी-उजवी चूक वेगळी. दिशा १ अंशाने हलली तर ५ मीटरवर जवळजवळ ९ सेंटिमीटर फरक पडतो. दांड्याचं टोक धरून आडवं हलवून पाहा. खडखड झाली तर साधी बिजागरी काढून टाका, जाड बोल्ट आणि दोन्ही बाजूंना वॉशर घाला. सातपूर-अंबडला कुणी ओळखीचं असेल तर लेथवर बुश (बोल्टवर घट्ट बसणारी धातूची नळी) करून घ्या, छोटं काम आहे. दोन्ही बाजूंचे रबराचे पट्टे एकाच ट्यूबचे, एकाच रुंदीचे हवेत. चौकट टेबलाला सी-क्लॅम्पने आवळा, नाहीतर प्रत्येक फेकीला ती केसभर सरकते.

कोनाचं मात्र एक सुख आहे. ४५ अंशांच्या आसपास कोन १ अंश चुकला तरी ५ मीटरमागे ३ मिलिमीटरच फरक पडतो. तीच चूक ३० अंशांवर झाली तर १० सेंटिमीटर! म्हणून दांडा ज्या आडव्या पट्टीवर आदळून थांबतो ती अशी बसवा, की थांबताना दांडा उभ्या रेषेपासून ४५ अंश मागे कललेला असेल. चेंडू दांड्याला काटकोनात सुटतो, म्हणजे तो जमिनीशी ४५ अंशांत वर जातो. (माझे आजोबा निफाडकडे बाजरीच्या राखणीला गोफण फिरवायचे. तिथेही दोरी कुठे सुटते यावरच सगळा नेम असायचा.) यंत्र उंच टेबलावर असेल तर योग्य कोन ४५ पेक्षा थोडा कमी येईल, तो फेकून पाहूनच ठरवा.

दांड्याच्या टोकावरच्या वाटीत चेंडू डुगडुगत असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून कडं बसवा. चेंडू एकच वापरा.

आता रबर. नव्या पट्ट्याच्या पहिल्या काही ताणांत ओढ बदलत जाते, त्या फेकी मोजू नका. रात्रभर ताणून ठेवलं तर ते सैल पडतं, काम झालं की खिळी काढा. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्या थंडीत रबर कडक होतं, म्हणून स्पर्धा सकाळी असेल तर सरावही सकाळीच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा १० फेकी.

सरावाला चष्मे लावा, आणि खिळी लागलेली असताना कुणीही समोर उभं राहायचं नाही. स्पर्धेच्या ठिकाणी फेकी चाचणीला मिळाल्या तर फक्त खिळीचं भोक बदला, बाकी कशालाही हात लावू नका.