वाचकांचे प्रश्न : भाद्रपद-आश्विनातील सणांचा फलक

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगर भागातील आमच्या सोसायटीत हिंदू, जैन, मुस्लिम, बौद्ध आणि ख्रिस्ती कुटुंबे राहतात. यंदा ठाण्याहून एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुदी, कुटुंबही राहायला आले आहे. गणपतीपासून कोजागिरीपर्यंतच्या सर्वांच्या सणांच्या तारखा घालून, दरवर्षी लावता येईल असा ‘हार्दिक शुभेच्छा’ फलक रंगवून घ्यावा, असा कार्यकारिणीचा विचार आहे. तारखा कोणत्या घालाव्यात? — सचिव

उत्तर : हेतू फार चांगला आहे, परंतु कायमच्या तारखांचा फलक करता येणार नाही. मारियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला ठरलेला असल्यामुळे तेवढी तारीख पक्की रंगवता येईल. बाकी बहुतेक सण चंद्रावर चालतात आणि चंद्राचा हिशेबही सर्वांचा सारखा नाही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते व त्यात अधिक महिना नसतो, म्हणून ईद-ए-मिलाद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये ती नेमकी अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि राज्य शासनाने सुट्टीही २९ तारखेला दिली. २०३० च्या सुमारास हीच ईद जुलैत येईल आणि तुमच्या फलकाच्या कालावधीतून बाहेर पडलेली असेल.

यहुदी पंचांग मात्र आपल्या पंचांगाच्या बरेच जवळ आहे. सूर्यसंक्रांत न होणारा चांद्रमास आपण अधिक धरतो. यहुदी पंचांगात १९ वर्षांच्या चक्रातील ठरलेल्या ७ वर्षांत एक महिना वाढवतात. त्यामुळे त्यांचा तिश्री महिना, ज्याच्या पहिल्या दिवशी त्यांचे नववर्ष असते, पुष्कळदा आपल्या आश्विनाबरोबरच सुरू होतो. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी त्यांचे नववर्ष आणि आपली घटस्थापना एकमेकांना लागून आली; २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आल्याने मात्र दोन्हींत महिन्याचे अंतर पडले. बेने इस्रायल लोक या नववर्षाला पूर्वापार ‘नव्याचा सण’ म्हणत आले आहेत. त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा योम किप्पुर म्हणजे त्यांचा ‘दारफाळणीचा सण’. कोकणातील जुन्या पिढ्या त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घरातच उपवास करीत असत. हा उपवास सुमारे २५ तासांचा असतो आणि त्यात पाणीही घेत नाहीत.

फलकापेक्षा मला याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. तिश्रीचा दहावा दिवस अनेकदा दसऱ्यालाच येतो. १२ ऑक्टोबर २०२४ आणि २ ऑक्टोबर २०२५ हे दोन्ही दसरे तसेच होते. वर्षभराच्या चुकांबद्दल क्षमा मागत निर्जळी उपवास करणाऱ्या घराच्या दारात आपण त्या दिवशी सोने आणि पेढे घेऊन उभे राहिलो, तर आपला प्रेमभाव पोहोचेल, पण त्या माणसांची पंचाईत होईल. सोने दुसऱ्या दिवशी द्यावे, ध्वनिक्षेपक त्यांच्या खिडकीच्या बाजूला लावू नये. त्यांचा दिवस आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे. हिजरी तारखांचेही तसेच आहे. जैनांच्या संवत्सरीलाही, म्हणजे क्षमा मागण्याच्या दिवशी, ‘हार्दिक शुभेच्छा’ शोभत नाहीत. तिथे ‘मिच्छामि दुक्कडं’ असे म्हणून हात जोडावेत. शिवाय आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपद ओळीचे आयंबिल करणारे जैन शेजारी दिवसातून एकदाच, तूप, तेल, दूध, दही, साखर-गूळ आणि मसाला वर्ज्य करून जेवतात, म्हणून कोजागिरीच्या आटीव दुधाचा त्यांना आग्रह करू नये. रंगवलेल्या फलकाऐवजी दरवर्षी खडूने लिहायचा फळा ठेवावा आणि प्रत्येक घराला विचारून त्यावर लिहावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : आमच्याकडे पितृपक्ष पाळतात. त्या पंधरवड्यात अन्य धर्मीय शेजाऱ्यांच्या आनंदाच्या प्रसंगाला जावे की नाही? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : अवश्य जावे. श्राद्धाचे नियम श्राद्ध करणाऱ्याला त्याच्या तिथीपुरते लागू असतात. शेजाऱ्याच्या घरच्या आनंदाला त्यांची आडकाठी नाही. रामकुंडावर रोज दर्भ, तीळ आणि पिंड पाहणाऱ्या पंचवटीकरांना हे दिवस अशुभ नसून कृतज्ञतेचे आहेत, हे मी वेगळे सांगायला नको. पारशी बांधवांचे मुक्तादही असेच पितरांच्या स्मरणाचे दिवस आहेत, आणि ते संपताच त्यांचे नववर्ष येते.

प्रश्न : धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याला मानावा की १४ ऑक्टोबरला? — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही रूढ आहेत आणि दोन्हींना आधार आहे. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबरचा दिवस अशोक विजयादशमीचाही होता; पुढे तिथी आणि तारीख वेगळ्या पडत गेल्या. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील मोठा मेळावा दसऱ्याला भरतो. पुष्कळ ठिकाणी १४ ऑक्टोबर पाळतात.

तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून याच ऋतूतील आणखी एक दिवस सुचवतो. आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील एका ठिकाणचा मुक्काम, संपतो. त्या दिवशी होणाऱ्या प्रवारणेत भिक्खू ‘माझे काही चुकले असल्यास सांगा’ अशी एकमेकांना विनंती करतात आणि त्यानंतरच्या महिन्यात त्यांना चीवरदान (वस्त्रदान) केले जाते. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील (पांडवलेण्यांतील) क्रमांक १० च्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. केवळ व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, अशी व्यवस्था होती. वर्षाचे व्याज २४० येते आणि हिशेब तंतोतंत जुळतो. पायथ्याच्या बुद्धविहारात जाल तेव्हा वर चढून हा लेख पाहावा. अक्षरे ब्राह्मी आहेत, पण आकड्यांच्या खुणा माहीतगाराकडून समजावून घेता येतील.