वाचकांचे प्रश्न : फीडर टांगला, पण हमिंगबर्ड येत नाही

अंगणातील पक्ष्यांविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची आहेत आणि त्यांचा विषय एकच आहे : साखरपाण्याचा फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगायचे भांडे, आणि त्यावर येणारा, किंवा न येणारा, हमिंगबर्ड हा फुलांतला मकरंद पिणारा चिमुकला पक्षी. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही नुकतेच स्वतःचे घर घेतले. मार्चअखेरीस मागच्या अंगणात लाल रंगाचा फीडर टांगला. एप्रिल संपत आला तरी एकही हमिंगबर्ड फिरकलेला नाही. दोन घरे सोडून राहणाऱ्या बाईंकडे मात्र ते दरवर्षी येतात. सासूबाईंच्या मते पक्ष्यांना आमची जागा पसंत पडलेली नाही. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : आपले विशेष काही चुकलेले नाही, आपण थोड्या लवकर वाट पाहू लागलात इतकेच. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटे करणारा हमिंगबर्ड एकच आहे, तो म्हणजे लाल कंठाचा रूबी-थ्रोटेड. जेमतेम 3 ग्रॅम वजनाचा हा पक्षी हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो, फेब्रुवारीच्या शेवटापासून मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचू लागतो आणि मग जसजशी फुले उमलतील व किडे दिसू लागतील तसतसा उत्तरेकडे सरकतो. यांतील कित्येक पक्षी आखाताचे सुमारे 800 किलोमीटरचे पाणी एका दमात ओलांडतात. वाटेत टेकायला जागा नसते आणि खायलाही काही नसते. आपल्या भागात पहिले नर साधारण एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, माद्या त्यानंतर काही दिवसांनी येतात, आणि थंडी लांबली तर हे सारेच पुढे ढकलले जाते. म्हणजे एप्रिलअखेर अंगण रिकामे असणे यात वावगे काही नाही. मे महिन्याचे पहिले दोन आठवडे खऱ्या अर्थाने लक्ष ठेवण्याचे आहेत. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्याला फीडर टांगला तरी पुरेल.

शेजारच्या बाईंकडे पक्षी येतात याचे कारण बहुधा असे की त्यांचे अंगण पक्ष्यांना ठाऊक झालेले आहे. पायात कडी घालून सोडलेले हमिंगबर्ड पुढच्या वर्षी नेमक्या त्याच अंगणात परतल्याच्या नोंदी भरपूर आहेत, आणि एक मादी तर 9 वर्षांहून अधिक जगल्याचे अशाच कडीवरून कळले आहे. आपले अंगण त्यांच्यासाठी नवे आहे, ते दिसले पाहिजे आणि दिसल्यावर तेथे थांबावेसे वाटले पाहिजे. यासाठी फीडरपेक्षा झाडे अधिक उपयोगी पडतात. कोरल हनीसकल नावाची लाल, नळीसारख्या फुलांची वेल आणि रानटी कोलंबाइन ही दोन्ही त्या प्रदेशातलीच असून पक्षी पोहोचतात त्याच सुमारास फुलतात. उन्हाळ्यासाठी बी बाम आणि कार्डिनल फ्लॉवर लावावे. रोपवाटिकेत हनीसकल मागताना मात्र जपानी जातीची घेऊ नये, कारण ती रानात पसरून तेथील झाडे गुदमरवते.

फीडर अर्ध्या सावलीत टांगावा आणि जवळपास एखादे झुडूप असावे, कारण हा पक्षी सतत उडत असतो ही समजूत बरोबर नाही. दिवसाचा बराच वेळ तो निष्पर्ण काटकीच्या टोकावर बसून राखण करतो. फीडर खिडकीपासून एक तर एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे असावा. मधल्या अंतरावर असेल तर वेगात निघालेला पक्षी काचेवर आपटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाट पाहण्याच्या काळात कोणी येवो न येवो, फीडरमधले पाणी बदलत राहिले पाहिजे. पहिल्या आठवड्यात सगळे जण उत्साहाने बदलतात, दुसऱ्या आठवड्यात एखादी खेप चुकते आणि तिसऱ्या आठवड्यात फीडर तसाच लोंबकळत राहतो. नेमका तेव्हा लांबचा प्रवास करून आलेला पक्षी तेथे चोच घालतो, त्याला आंबलेले पाणी मिळते आणि तो निघून जातो. हवा थंड असताना चार-पाच दिवसांनी आणि कडक उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाणी ओतून द्यावे, आणि पाणी गढूळ दिसले किंवा छिद्रांभोवती काळे ठिपके आले तर त्याच दिवशी फीडर धुवावा. दर वेळी फीडर पूर्ण भरण्याची गरज नाही. एक हमिंगबर्ड कितीही प्यायला तरी तळातले दोन-तीन बोटे पाणी त्याला पुरून उरते, आणि कमी भरले तर फेकताना जीव हळहळत नाही.

प्रश्न : बाजारात मिळणारे लाल पाणी चांगले की घरी केलेले? साखरेऐवजी मध किंवा गूळ वापरला तर पक्ष्याला अधिक पौष्टिक होईल का? (डॅलस, टेक्सास)

उत्तर : घरी केलेलेच चांगले. एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी एवढेच त्याचे प्रमाण आहे, आणि त्यात काहीही मिसळायचे नाही. आपल्याकडे मध आणि गूळ हे साखरेपेक्षा श्रेष्ठ मानले जातात, त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांतून वारंवार येतो आणि तो ममतेपोटी विचारलेला असतो हे मी जाणतो. पण येथे ती ममता घातक ठरते. पाण्यात कालवलेल्या मधात बुरशी आणि जंतू फार लवकर वाढतात. गुळात आणि तपकिरी साखरेत लोह असते. माणसाला ते हवे असते, परंतु फुलांच्या मकरंदात लोह जवळजवळ नसल्यामुळे या पक्ष्याच्या शरीराला ते पेलत नाही. याउलट हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मकरंदातील मुख्य साखर सुक्रोज असते, आणि आपली पांढरी साखर म्हणजेही सुक्रोजच होय. लाल रंगाची तर मुळीच आवश्यकता नाही. फीडरचा लाल भाग लक्ष वेधून घ्यायला पुरेसा असतो.

पौष्टिकतेचा विचार करायचाच असेल तर तो किड्यांच्या बाजूने करावा. प्रथिनांसाठी हा पक्षी चिलटे, मावा आणि लहान कोळी खातो, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले किडेही टिपतो. अंगणात कीटकनाशक फवारून शेजारी साखरपाण्याचा फीडर टांगणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

पाणी उकळले तर साखर लवकर विरघळते, पण उकळलेच पाहिजे असे नाही. गरम केले तर पूर्ण गार करून मगच भरावे. उरलेले फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. फीडर धुताना गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश पुरतो, छिद्रांसाठी बारीक ब्रश मिळतो, काळेपणा दिसला तर पाण्यात व्हिनेगर घालून थोडा वेळ भिजवावा आणि भरपूर पाण्याने खळबळून घ्यावे. मुंग्यांसाठी आकड्याच्या वर टांगायची पाण्याची वाटी मिळते. कोणी तार किंवा आकडा तेलाने माखायला सुचवील, ते ऐकू नये. तेल पिसांना लागले तर ते त्या पक्ष्याला काढता येत नाही.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे मे महिन्यात एक जोडी नियमित येत होती. जूनमध्ये एकाएकी येणे थांबले. मांजराने तर धरले नसेल?

उत्तर : मांजर हा खरा धोका आहे, आणि फीडर असलेल्या घरात मांजर बाहेर सोडू नये असेच माझे मत आहे. पण आपण सांगता त्या काळावरून कारण वेगळे असावे असे वाटते. प्रथम ‘जोडी’विषयी : या पक्ष्यांत नर-मादी एकत्र संसार करत नाहीत. मीलनानंतर नराचा संबंध संपतो, आणि घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे हे सर्व मादी एकटी करते. जूनमध्ये ती घरट्यावर असते. दोन अंडी सुमारे दोन आठवडे उबवायची आणि नंतर तीन आठवड्यांच्या आसपास पिल्लांना भरवायचे, या काळात ती फीडरवर कमी येते आणि किड्यांच्या मागे अधिक असते. शिवाय तोवर रानात फुलेही भरपूर झालेली असतात.

ते घरटे कधी दृष्टीस पडलेच तर दुरून जरूर पाहावे. अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढी ती वाटी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी फांदीवर बांधलेली असते, त्यामुळे पिल्ले वाढतात तशी ती ताणली जाते. आत बियांचा मऊ कापूस असतो आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे डकवलेले असतात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती फांदीवरची गाठच वाटते. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल याच वर्गातले.

आपण फीडर काढू नका, पाणी बदलत राहा. जुलैच्या मध्यापासून उडू लागलेली पिल्ले येतील, आणि ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांची त्यात भर पडेल. त्या दिवसांत पांढऱ्या गळ्याचे पक्षी बहुसंख्य दिसले तर त्या सर्व माद्या आहेत असे समजू नये. त्या वर्षीच्या नर पिल्लांचा गळाही पांढराच असतो, फार तर एखादे लाल पीस उगवलेले दिसते.

प्रश्न : कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे आमच्या फीडरवर एक नर ठाण मांडून बसतो आणि बाकी सर्वांना हाकलतो. तो हिवाळ्यातही जात नाही. आमच्या साखरेमुळे त्याचे स्थलांतर तर थांबले नाही ना?

उत्तर : नाही. आपल्याकडे येतो तो ॲनाज हमिंगबर्ड असणार, आणि तो त्या किनाऱ्यावर बारा महिने राहणारा पक्षी आहे. त्याचा विणीचा हंगाम डिसेंबरच्या सुमारासच सुरू होतो, म्हणून त्या दिवसांतले भांडण अधिक तीव्र असते. याच काळात नर उंच आकाशात चढून सरळ खाली सूर मारतो आणि अगदी तळाशी एक मोठा कर्कश चीत्कार ऐकू येतो. तो गळ्यातून येत नाही, शेपटीच्या बाहेरच्या पिसांतून वेगाने जाणाऱ्या हवेने होतो, असे बर्कली येथील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. दांडगाईवर उपाय म्हणजे एका मोठ्या फीडरऐवजी दोन-तीन लहान फीडर घराच्या वेगवेगळ्या बाजूंना, एकावरून दुसरा दिसणार नाही असे टांगावेत.

थंडीतल्या पहाटे एखादा पक्षी पिसे फुलवून, चोच वर करून निश्चल बसलेला, क्वचित उलटा लटकलेलाही आढळतो. त्याला मेला समजून हात लावू नये. रात्री शक्ती वाचवण्यासाठी तो शरीराचे तापमान व हृदयाची गती खूप खाली आणतो. ऊन वाढले की काही वेळात थरथरून जागा होतो आणि पहिल्यांदा साखरपाण्याकडेच येतो. म्हणून हिवाळ्यात फीडर उजाडण्यापूर्वी भरलेला असावा.

प्रश्न : मुलीकडे बॉस्टनला हमिंगबर्ड पाहिले. आता पुण्यात बाल्कनीत तसाच फीडर लावला तर येतील का? मागे एकदा संध्याकाळी सदाफुलीवर असाच एक पक्षी पाहिल्यासारखे वाटते.

उत्तर : हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांतच आढळतात. आपण संध्याकाळी फुलापुढे हवेत स्थिर राहिलेला जो जीव पाहिला तो बहुधा हॉकमॉथ जातीचा पतंग असावा. पुन्हा दिसला तर डोक्यावरच्या मिशा पाहाव्यात, पक्ष्याला त्या नसतात. पुण्यात मकरंदासाठी येणारा पक्षी म्हणजे शिंजीर. तो हमिंगबर्डचा नातेवाईक नाही; हमिंगबर्डचे जवळचे नाते आपल्या पाकोळीशी आहे. शिंजीर बहुधा फांदीवर टेकून रस पितो. त्याच्यासाठी प्लास्टिकच्या फीडरपेक्षा कुंडीतली जास्वंद लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : फीडर केव्हा काढावा? उशिरापर्यंत ठेवला तर पक्षी थंडीत अडकून पडतील अशी भीती वाटते. (मॉरिस काउंटी, न्यू जर्सी)

उत्तर : ही भीती मनातून काढून टाकावी. दिवस लहान होऊ लागले की पक्ष्याच्या शरीरातच प्रस्थानाची तयारी सुरू होते, तो खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो आणि फीडर भरलेला असला तरी निघून जातो. प्रौढ नर ऑगस्टमध्येच जाऊ लागतात, सप्टेंबरच्या शेवटी बहुतेक सर्व गेलेले असतात. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर आणखी दोन आठवडे फीडर ठेवावा, कारण उत्तरेकडून मागाहून येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आपल्या भागात अस्वले फिरतात, तेव्हा रात्री मात्र फीडर घरात घ्यावा.

नोव्हेंबरमध्ये एखादा हमिंगबर्ड आलाच तर तो रूबी-थ्रोटेड नसून पश्चिमेकडून भरकटत आलेला रूफस असण्याची शक्यता अधिक. शेपटी पसरलेली असतानाचे छायाचित्र घेता आले तर जात ठरवणे सोपे जाते. ते कॉर्नेल विद्यापीठाच्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवावे आणि पक्षी येत आहे तोवर फीडर भरलेला ठेवावा.