सकर मासा असलेल्या टाकीत जहाज, किल्ला अशा शोभेच्या वस्तू ठेवल्या तर चालतात का? आणि शेवाळ किती दिवसांत साफ होईल?

खिडक्या-दारं असलेलं पोकळ जहाज सकरच्या, म्हणजे काचेला तोंडानं चिकटून शेवाळ खाणाऱ्या माशाच्या, टाकीत ठेवायचं नाही. किल्ल्याचंही तेच. "आत्ता तर दोन इंचांचा आहे, आरामात आत-बाहेर करतो" असं सगळेच म्हणतात. दुकानात दोन इंचांचा मिळणारा साधा सकर फूटभर होतो, नीट जगला तर दीड फुटाच्या आसपासही जातो. खिडकी तेवढीच राहते, आणि त्याला रोज त्याच खिडकीतून घुसायची सवय लागलेली असते.

या प्रश्नावर मी गप्प बसूच शकत नाही, कारण बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या दाजींच्या हॉलमध्ये हेच घडलं. त्यांनी हौसेनं मोठं बुडालेलं जहाज आणून टाकीच्या मधोमध ठेवलं होतं. एका रात्री भाचीचा फोन आला, "मामा, सकर जहाजात अडकलाय, लवकर ये." वडगावातून गाडी काढली नि पोचलो. बघतो तर डोकं आणि अर्धं अंग खिडकीच्या आत, शेपूट बाहेर. पलीकडच्या भोकातून बॅटरी मारली तर कल्ले भराभर हलत होते आणि खिडकीच्या कडेला घासून बगलेवर पांढरा ओरखडा उठला होता.

दाजी म्हणाले, "शेपटीला धर आणि ओढ की जरा." मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "राहू दे तर रात्रभर, त्याचा तो सुटतोय. गेला तसा येणार नाही काय?"

नाही येणार. सकरच्या अंगावर साधे खवले नसतात, हाडांच्या पट्ट्या असतात आणि त्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात. वर छातीच्या दोन्ही परांना आणि पाठीच्या पराला पुढं एकेक जाड काटा. मासा घाबरला की हे काटे ताठ करतो आणि ते खुब्यात अडकून तसेच राहतात. कपड्यात शिरलेलं कुसळ कसं पुढंच सरकतं, तसं त्याचं होतं. शेपटीला धरून ओढलं की काटा मोडतो, पर फाटतो, कातडी सोलून निघते. आणि जेवढं ओढाल तेवढा तो काटे घट्ट करतो.

मी बादलीत टाकीचंच पाणी घेतलं, एअर पंपाची नळी सोडली आणि जहाज माशासकट त्यात ठेवलं. भाचीनं बॅटरी धरली. खिडकीच्या वरच्या कडेला लोखंड कापायच्या ब्लेडनं खाच पाडली, तीही माशापासून लांबच्या बाजूला, आणि मग पक्कडीनं रेझिनचे छोटे छोटे तुकडे मोडत गेलो. घाई केली नाही. चौकट एका बाजूनं उघडली, तसा तो स्वतःच अंग वळवून बाहेर आला. मी त्याला ओढलं नाही. एक पर फाटला होता, बगल सोलली होती. स्वच्छ पाणी आणि अंधार मिळाला तसा भरून आला.

तेव्हापासून घरात कुणाचं बारसं असो की जत्रेचं जेवण, दाजी सगळ्यांसमोर म्हणतात, "यानं माझं जहाज फोडलं." हो, फोडलं. जहाज दुकानात परत मिळतं.

आता तुमच्याकडचं सामान तपासा. भोक एकतर माशाचं डोकंसुद्धा जाणार नाही इतकं लहान हवं, नाहीतर पूर्ण वाढलेला मासा आत वळू शकेल इतकं मोठं. मधलं माप घातक. मधल्या मापाची भोकं सिलिकॉननं बुजवा, पण बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, वस्तू पाण्याबाहेर ठेवा. कडांवरून जुनी नायलॉनची ओढणी फिरवा. धागा अडकला तर तिथं माशाचं पोट नि डोळाही फाटणार, पॉलिश पेपर मारा. गणपतीच्या मखरातल्या प्लास्टरच्या वस्तू टाकीत कधीच नकोत, त्या पाण्यात विरघळत राहतात.

पण जहाज नको म्हणून टाकी अगदीच मोकळी ठेवू नका. सकर रात्री फिरणारा मासा, दिवसा त्याला अंधारी जागा लागतेच. खानापूरच्या कुंभारांकडची साधी, रंग न दिलेली मातीची कुंडी आडवी ठेवा, किंवा दोन्ही तोंडं उघडी असलेला रुंद पीव्हीसी पाइप. मी हेच वापरतो. सोबत चावायला लाकडाचा ओंडका, तोही टाकीसाठी मिळतो तोच.

बेळगावच्या थंडीत हीटर लावत असाल तर त्यावर जाळी हवीच. सकर गरम नळीला चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो.

शेवाळाचं म्हणाल तर दिवस सांगता येणार नाहीत. लाइट सात-आठ तासांवर आणा, खाणं कमी टाका. सकर मोठा होईल तसं शेवाळ कमीच खातो आणि घाण जास्त करतो, त्याला रात्री काकडीचा तुकडा द्यावा लागतो.

हे सगळं साध्या सकरबद्दल झालं. तुमचा ब्रिसलनोज ही सकरची लहान जात असेल तर तो पाच-सहा इंचांवर थांबतो, त्याला लहान कुंडी पुरते. पण त्याच्या गालावरही काटे असतात, तोही अडकतो. ऑटो नावाची त्याहून छोटी जात असेल तर तो मासा बोटाएवढाही होत नाही, मात्र खिडकीची खरखरीत कड त्यालाही लागते.

आणि मासा मोठा झाला म्हणून त्याला बेळगावच्या किल्ल्याजवळच्या तळ्यात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. आंध्र-तेलंगणात टाक्यांतून सुटलेले सकर तळ्यांत माजलेत, कोळ्यांची जाळी फाडतात. दाजींच्या मनात तेच होतं, म्हणून तो मासा मी वडगावला माझ्या चार फुटी टाकीत आणून ठेवलाय. त्यांना तो परत हवा असेल तर आधी एवढीच टाकी घ्यावी, आणि त्यात जहाज नसावं.