फँटसी स्ट्रॅटेजी गेममध्ये जादूच्या शाखांचे संतुलन कसे साधावे?

तुमच्या प्रश्नातली अडचण थोडक्यात अशी आहे : पाळीपाळीने खेळायच्या तुमच्या गेममध्ये अग्नी, हिम, आवाहन (प्राणी बोलावून लढवणे) आणि मोहिनी (शत्रूच्या तुकड्यांना वश करणे किंवा रोखणे) अशा जादूच्या चार शाखा आहेत, चाचणी खेळणारे जवळजवळ सगळे मोहिनीच निवडतात, आणि अग्नीच्या मंत्रांचे नुकसान दीडपट केल्यावर सुरुवातीच्या लढाया अग्नीने एकतर्फी जिंकल्या, तरी शेवटच्या टप्प्यात मोहिनीच पुन्हा वरचढ ठरली. अशा गेमचे नियम आणि त्यांमागचे आकडे तपासणे हा माझा अनेक वर्षांचा आवडीचा विषय आहे. मला वाटते, दोष अग्नीच्या आकड्यात नाही. सैन्य वाढते तसा मोहिनीचा परिणाम आपोआप वाढतो आणि अग्नीचा वाढत नाही, हे खरे कारण आहे.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' या 1999 च्या गेममध्ये हा फरक फार स्पष्ट दिसतो. त्यात वायू, पृथ्वी, अग्नी आणि जल अशा चार शाखा आहेत. पृथ्वीशाखेतला 'इम्प्लोजन' हा पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा मंत्र आहे. शाखेत पूर्ण प्रावीण्य मिळवलेल्या हिरोच्या, म्हणजे सैन्याच्या नायकाच्या, हातून त्याचे नुकसान मंत्रशक्तीच्या (मंत्रांचा जोर ठरवणाऱ्या त्याच्या गुणाच्या) 75 पट अधिक 300 इतके होते, म्हणजे मंत्रशक्ती 10 असेल तर 1050. 'आर्चएंजल' या बलाढ्य सैनिकाचे आरोग्य 250 असते, त्यामुळे या एका मंत्राने चार आर्चएंजल पडतात. दहांच्या तुकडीतले चार गेले तर लढाईचा रंगच पालटतो. चाळीसांच्या तुकडीतले चार गेल्याने प्रतिस्पर्ध्याचे फारसे बिघडत नाही. आता त्याच शाखेतला पहिल्या पातळीचा 'स्लो' पाहा. पूर्ण प्रावीण्य असेल तर तो समोरच्या सगळ्या तुकड्यांचा वेग निम्म्यावर आणतो. आर्चएंजलचा वेग 18 वरून 9 वर येतो, मग ते दहा असोत की चाळीस. सैन्यात दर आठवड्याला भर पडत जाते, हिरोची मंत्रशक्ती मात्र एकेका गुणाने सरकते. त्यामुळे खेळ लांबत जाईल तसा पाचव्या पातळीचा महागडा मंत्र मागे पडतो आणि पहिल्या पातळीचा स्वस्त मंत्र आपले मोल टिकवून ठेवतो.

तुमच्या अग्नीचे नेमके हेच झाले आहे. ठरावीक नुकसान करणाऱ्या मंत्राचा आकडा वाढवला की त्याचा सर्वाधिक फायदा सैन्य लहान असताना मिळतो, म्हणजे जिथे अग्नी आधीच बरा चालत होता तिथेच. म्हणून कोणताही आकडा बदलण्यापूर्वी प्रत्येक मंत्राची किंमत तीन वेळा मोजावी : पहिल्या काही पाळ्यांतल्या सैन्यावर, मध्यावरच्या सैन्यावर आणि शेवटच्या मोठ्या लढाईत. एक मंत्र टाकल्याने शत्रूच्या एकूण ताकदीचा कितवा हिस्सा त्या लढाईपुरता निकामी झाला, एवढेच लिहून ठेवले तरी पुरते. वेग निम्मा झालेली तुकडी दोन पाळ्या उशिरा पोहोचत असेल, तर त्या दोन पाळ्यांत तिने केला असता तेवढा मारा म्हणजे त्या मंत्राचे नुकसान, असे धरून चालावे. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यामुळे मोहिनी आणि अग्नी एका तराजूत येतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो मोहिनीला मर्यादा घालण्याचा, म्हणजे मंत्रशक्तीनुसार ठरलेल्या आरोग्यापेक्षा मोठ्या तुकडीवर मंत्र चालूच द्यायचा नाही. इथे सावध राहावे. वर सांगितलेल्या गेममधल्या 'हिप्नोटाइझ'ला अशीच मर्यादा आहे, आणि त्यामुळे मोठ्या तुकड्यांपुढे तो हतबल ठरतो; म्हणजे अग्नीचा आजार मोहिनीला जडवल्यासारखे होते. त्यापेक्षा मंत्र चालू द्यावा, पण मोठ्या तुकडीवर त्याचा कालावधी कमी करावा, किंवा मोहित तुकडीवर हल्ला होताच तिची मोहिनी उतरावी. दुसऱ्या बाजूने अग्नीच्या नुकसानात ठरावीक आकड्याबरोबर तुकडीच्या संख्येचा लहानसा टक्का मिळवावा, किंवा आग शेजारच्या तुकड्यांत पसरू द्यावी. मला पसरणारी आग अधिक आवडते, कारण मग सैन्य कसे मांडायचे हा प्रश्न प्रतिस्पर्ध्यापुढे उभा राहतो आणि अग्नीला स्वतःचा स्वभाव मिळतो.

शाखांची ताकद समान करण्यापेक्षा हा स्वभाव घडवणे मला महत्त्वाचे वाटते. चारही शाखांत थोडे नुकसान, थोडे संरक्षण आणि थोडा अडथळा वाटून दिला तर तक्ता समतोल दिसेल, पण खेळाडूला चार रंगांत एकच शाखा मिळेल. प्रत्येक शाखेला एखादी गोष्ट अजिबात करता येऊ नये आणि ती उणीव खेळाडूला सुरुवातीपासून ठाऊक असावी. 1994 च्या 'मास्टर ऑफ मॅजिक'मध्ये जीवन आणि मृत्यू या दोन शाखा एकाच जादूगाराला एकत्र घेताच येत नाहीत. शिवाय नकाशावरची जादुई ऊर्जेची स्थाने सॉर्सरी, निसर्ग आणि केऑस या तीन शाखांचीच असतात, जीवन आणि मृत्यू यांची नसतात. एका शाखेची जितकी जास्त मंत्रपुस्तके घ्यावीत तितके दुर्मीळ मंत्र हाती येतात, पण तितकी इतर शाखांची दारे बंद होत जातात. त्या गेमचे आकडे फारसे समतोल नाहीत, तरीही शाखेची निवड तिथे पूर्ण मोहिमेचा निर्णय ठरते.

शाखांच्या किमती वेगवेगळ्या चलनांत घेणे हा आणखी एक मार्ग आहे आणि तो स्ट्रॅटेजी गेममध्ये फार शोभतो. 'डॉमिनियन्स' या गेममालिकेत अग्नी, वायू, जल, पृथ्वी असे जादूगारांचे मार्ग एकीकडे आणि संशोधनाच्या शाखा दुसरीकडे असतात. एखाद्या शाखेचे संशोधन केले की अनेक मार्गांच्या जादूगारांना त्याचा उपयोग होतो, त्यामुळे एखादा मार्ग दुबळा असला तरी तो घेणाऱ्याचे सगळे संशोधन वाया जात नाही. त्यातली रक्तजादू प्रबळ आहे, पण तिच्यासाठी आपल्याच प्रांतांतली माणसे पकडावी लागतात आणि तिथला असंतोष वाढतो. तुमची आवाहनशाखा याच पद्धतीने बांधता येईल. बोलावलेल्या प्राण्यांना मॅना (मंत्रांसाठी खर्च होणारी जादुई ऊर्जा) एकदाच न लागता दर पाळीला लागू द्या, म्हणजे मोठे सैन्य उभे करणाऱ्याला मोहीम लवकर संपवण्याची घाई राहील. हिमशाखेबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, म्हणून तिच्याविषयी मी अंदाज बांधत नाही.

लढाईबाहेरचे मंत्र मात्र वेगळे काढून तपासावेत. पाळीपाळीच्या गेममध्ये सर्वांत महाग वस्तू म्हणजे वेळ, आणि नकाशावरचे अंतर वाचवणारा मंत्र थेट वेळ देतो. 'हीरोज ३'मध्ये पृथ्वीशाखेच्या 'टाउन पोर्टल'ने हिरो आपल्या नगरात परततो आणि वायुशाखेच्या 'डायमेन्शन डोअर'ने वाटेतले अडथळे ओलांडून पुढे जातो; जलशाखेचा 'वॉटर वॉक' पाण्यावरून चालवतो, पण नकाशावर पाणीच नसेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. नगरे बहुतेक प्रत्येक नकाशावर असतात. त्यामुळे लढाईतले मंत्र कितीही नीट तोलले तरी पृथ्वी आणि वायू यांचे पारडे जड राहते, आणि प्रत्येक शाखा हे एक दुय्यम कौशल्य असून हिरोला अशी आठच कौशल्ये घेता येत असल्याने अग्नी आणि जल यांना उरलेल्या जागांसाठी झगडावे लागते. तुमच्या मोहिनीत असा एखादा प्रवासाचा मंत्र असेल तर तो बाहेर काढून सर्वांना खुला करा. चाचणी खेळणाऱ्यांची ओढ नेमकी कशाकडे आहे, हे त्या एका बदलावरून पुष्कळसे कळेल.

चाचणीची पद्धतही थोडी बदलावी लागेल. संगणकाविरुद्ध संगणक लढवून मिळालेल्या निकालांवर या कामासाठी विसंबू नका, कारण कोणत्या तुकडीला कितव्या पाळीत रोखायचे हे ठरवण्यापेक्षा थेट मारा करणे संगणकाला सोपे जाते, आणि मग अग्नी आहे त्यापेक्षा बलवान दिसते. एखादी शाखा किती जण निवडतात आणि ती निवडणारे किती वेळा जिंकतात, हे दोन आकडे वेगळे ठेवा. कमी जण निवडतात पण जिंकतात पुष्कळदा, अशा शाखेचे वर्णन किंवा पहिले दोन मंत्र कंटाळवाणे असण्याची शक्यता अधिक. तिची ताकद वाढवली तर पुढे त्रास होईल.

तुमच्या जागी मी आधी अग्नीचा दीडपट केलेला आकडा मूळ जागी आणला असता, मग फक्त मोहिनीच्या कालावधीला तुकडीच्या आकाराशी जोडले असते आणि तीच आवृत्ती एका लहान व एका मोठ्या नकाशावर खेळवली असती. पसरणारी आग त्यानंतरच्या आवृत्तीत आणा. दोन्ही बदल एकदम केले तर निकाल कोणत्या बदलाने पालटला, हे ओळखता येणार नाही.